तलावाचा गाळ आणि लाल भाजी

रायपूर राजधानी झालं त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत शहरात सगळ्यात जास्त खप झाला तो पाट्यांचा. काल ज्या घरात कुणाचे तरी मामा राहत होते, तिथे आज संचालनालय. आमची पाणी तपासण्याची सरकारी प्रयोगशाळाही चौबे कॉलोनीतल्या अशाच एका भाड्याच्या घरात थाटलेली होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आम्लाच्या बाटल्या आणि न्हाणीघरात धुवायच्या काचा. राज्याच्या वाटणीत भोपाळकडून एक यंत्र मात्र चांगलं आलं होतं. नमुना ज्योतीत फवारला की त्यात कोणता धातू किती आहे, ते सांगायचं. ते चालवता येणारी तिथे मी एकटीच होते आणि मला त्याचा गर्व होता. थोडाथोडका नव्हे, चांगलाच.

आमचं घर पुरानी बस्तीच्या गल्लीत. आजोबा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीला आले ते इथलेच झाले, बाबाही रेल्वेतूनच निवृत्त झाले. आई गेल्यावर घरात बाबा आणि मी. घरामागे वीत-दीड वीत जमीन होती, तिला बाबा छत्तीसगडी माणसांसारखं ‘बारी’ म्हणायचे. माझ्या लेखी ती परसबागसुद्धा नव्हती, पण बाबांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती.

घरापासून चालत पाच मिनिटांवर एक तलाव होता. उन्हाळ्यात पाणी आटलं की त्याचा गाळ काढायचे आणि ज्याला हवा त्याने तो न्यायचा, ही जुनी पद्धत. काळाभोर, लोण्यासारखा मऊ गाळ. त्यात टाकलेलं बी वाया जात नाही, असं सगळेच सांगत. त्या वर्षी बाबांनी मला विचारलं, “गाळ आणू का व? तुमचं ऑफिस तपासते न तलाव?”

“तपासते ना,” मी म्हटलं. “मीच तपासलं. पाणी एकदम स्वच्छ आहे.”

बाबांनी गाळाचं विचारलं होतं आणि मी पाण्याचं सांगितलं. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. बाबांचं ठीक आहे, ते रेल्वेतले. माझं काय? मी तर शिशासारखं विष पाण्यात कसं वागतं यावर परीक्षेत पानभर उत्तर लिहिलेलं होतं. साध्या, ना आंबट ना खारट पाण्यात ते फार वेळ विरघळून राहत नाही. मातीच्या कणांना चिकटतं आणि त्यांच्याबरोबर तळाला जाऊन बसतं. वरचं पाणी नितळ, नमुना उत्तम, अहवालावर सही. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असणं आणि माहीत असणं यात किती अंतर असतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बाबांनी तीन ठेले गाळ आणला. पाऊस लागल्यावर त्यात लाल भाजी अशी फोफावली की शेजारणी भिंतीवरून डोकावून बघायच्या. लाल भाजी म्हणजे आपला लाल माठ, इथल्या घराघरातली रोजची पालेभाजी.

तेवढ्यात धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा संपत आला होता आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रक्त कमी आहे, हिरव्या-लाल भाज्या खा. बाबांना तर सोन्याची संधीच मिळाली. आई असती तर डिंकाचे लाडू, अळीव, काय काय केलं असतं, हे त्यांना सारखं खुपत होतं. “मले लाडू येत नाही,” ते म्हणायचे, “पण भाजी तं येते न.” मग लसूण ठेचून लाल भाजी. दुपारी आणि संध्याकाळीही. बहीण लहानपणापासून घरात हिंदीतच बोलायची. ती हसून म्हणायची, “बाबा, मैं ही लाल हो जाऊँगी अब.” पण पूर्ण वाटी संपवायची. बाबांचा चेहरा बघून कुणीही संपवली असती.

गणपती बसले, गणपती गेले. विसर्जनानंतर तलावांचे नमुने घ्यायचे असतात, म्हणून मी सोमवारी बाटल्या काढत होते. आमच्याकडे काचा धुणारे एक वयस्क काका होते, जवळच्या गावचे, तोंडात सदा गुडाखू, म्हणजे इथली तंबाखूची मिसरी. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “मैडम, पानी ला का देखथव? चिखला ला देखव.” आणि मग बाटलीला ब्रश लावता लावता, अगदी सहज, “मूरती के रंग हर कहाँ गे होही? ओही चिखला म त बइठे हे.”

मूर्तीचे रंग गेले कुठे असतील? त्याच चिखलात तर बसलेत. मी हातातली बाटली खाली ठेवली. पिवळे, शेंदरी, चमकदार रंग. त्यांत शिसं असतं हेही मी वाचलेलं होतं. वर्षानुवर्षं, मूर्तीमागून मूर्ती, त्याच तलावात. गटाराची घाण कुजते, तिला खाणारे जीव असतात. शिशाला कुणी खात नाही. ते आलं की राहतं.

संध्याकाळी मी बारीतली मूठभर माती पिशवीत भरली आणि मंगळवारी आम्लात उकळून यंत्रावर लावली. आकडा बघितला आणि यंत्र बंद केलं. पुन्हा सुरू केलं. तोच आकडा. शुद्ध पाण्यावर शून्य दाखवत होतं, म्हणजे यंत्र ठीक होतं. तरी मी स्वतःला सांगितलं की फ्लास्क नीट धुतला नसेल. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. पुन्हा करू, पानांचंही करू, मग सांगू.

शास्त्र म्हणून यात काही चूक नव्हती. पण मी शास्त्रासाठी थांबले नव्हते. मला बाबांना सांगायचं नव्हतं. ‘मीच तपासलं’ म्हणणारी मी होते, आणि ते तोंडातून परत घ्यायला मला लाज वाटत होती. एवढंच कारण होतं, दुसरं कुठलं नाही.

बुधवारी संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. बाबांनी बहिणीला भाजी वाढली. तिने संपवली. त्यांनी विचारलं, “अजून?” आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा वाढली. मी समोर बसून बघत होते. माझ्या डोक्यात पुस्तकातली ओळ फिरत होती, की ज्या शरीरात लोह कमी असतं ते शिसं जास्त ओढून घेतं. पोटातलं बाळ आईच्या रक्तातून काय काय घेतं हेही मला माहीत होतं. जीभ तोंडात होती. मी वरणभात कालवत राहिले.

गुरुवारी पानांचा निकाल आला. काही शिसं मुळांतून चढलेलं आणि बरंचसं पावसाने उडालेल्या मातीतून पानांवर बसलेलं. आता धुवायला फ्लास्क उरला नव्हता. घरी आले, चप्पल न काढता बाबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. बहीण पलंगावर बसून ऐकत होती.

बाबांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाले, “तुले कधी समजलं?”

“मंगळवारी.”

“आज तं गुरुवार आहे.”

“हो.”

ते उठून बारीत गेले. विळा न घेता हातानेच एकेक झाड उपटत राहिले. मीही गेले. भाजी उपटून झाली, गाळ खरडून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरला, आणि मग दोघंही पोत्यांकडे बघत उभे. “टाकू कुठं आता हे?” बाबांनी विचारलं. खरंच, कुठे? तलावात टाकलं तर पुन्हा तेच. माळावर टाकलं तर तिथेही कुणीतरी काहीतरी पेरणार, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी बहिणीच्या ताटात जाणार. शेवटी ती पोती आम्ही बारीतच एका कोपऱ्यात पुरली, चुना घालून, वर फरशी बसवून. उरलेल्या जमिनीत मोगरा लावला. बाबांनी त्यानंतर खायचं म्हणून काही लावलं नाही आणि मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी बहिणीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं. अहवाल येईपर्यंतचे दिवस आम्ही कसे काढले ते सांगता येणार नाही. शिसं होतं, पण घाबरावं इतकं नव्हतं. भाजी बंद, दूध आणि गोळ्या सुरू. दिवस भरल्यावर मुलगी झाली. वजन चांगलं, आवाज तर पूर्ण मोहल्ला जागा करेल असा. बाबा दवाखान्याच्या व्हरांड्यात रडले.

त्यानंतर मी तलावाच्या पाण्याचा माझा जुना अहवाल काढून वरिष्ठांना पत्र लिहिलं की नुसतं पाणी बघून चालणार नाही, गाळही तपासावा. ते मंजूर व्हायला काही वर्षं लागली, पण झालं. लोक मला हुशार म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.

बाळ दीड महिन्याचं असताना बहीण उन्हात पाय पसरून तिला तेल लावत होती. मी शेजारी दुपटी घडी करत होते. तिने वर बघितलं नाही, आवाजही चढवला नाही. बाळाच्या पोटावरून हात फिरवत म्हणाली, “दीदी, उस बुधवार को तूने अपनी थाली में भाजी नहीं ली थी.”