साखरच समजा की राव!

तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन अडलं होतं ते रक्तातल्या साखरेपायी. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, "आधी साखर खाली आणा, मग मोतीबिंदू काढू." तात्या म्हणजे माझे चुलते. वरकुट्यात जन्मभर ऊस लावलेला माणूस. त्यांच्या चहात चमचा उभा राहायचा. मी इंदापुरातल्या औषधाच्या दुकानातून गोड गोळ्यांची डबी आणली. दुकानदार हसून म्हणाला, "साखरच समजा की राव!"

आम्ही साखरच समजलो.

आमच्याकडं चहा पातेल्यात होतो. साखर, पत्ती, दूध एकदम टाकून काकी तो लालभडक होईस्तोवर उकळते आणि आल्यागेल्यासाठी पातेलं चुलीवरच ठेवते. तिनं साखरेच्या जागी गोळ्या टाकल्या. तात्यांनी घोट घेतला आणि बशी खाली ठेवली.

"ह्यात साखर न्हाय."

"न्हायच घालायची!"

"मग गोळी?"

"घातलीया की."

"कुणाच्या कपात?"

काकीनं गोळ्या वाढवल्या. चहा तसाच फिक्का. शेवटी तात्या गुपचूप साखरेच्या पोत्याकडं वळले. तपासणीत साखर आणखी वर, ऑपरेशन पुन्हा पुढं. इकडं माणूस ओळखायचा तर त्यांना आवाजाची वाट बघावी लागत होती.

माझं डोकं फिरलं. तोच चहा किटलीत भरला, किटली मोटरसायकलच्या हँडलला अडकवली आणि दुकानात भर गिऱ्हाइकांत दुकानदाराच्या हातात कप दिला. "प्या."

प्याला. तोंड वाकडं केलं. "साखर विसरलाय राव."

"तुमची निम्मी डबी हाय त्यात!"

सगळं दुकान हसलं. मग त्यानं मोबाइलच्या कॅमेऱ्यानं डबीवरची मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं मोठी करून वाचली. गोळी अ‍ॅस्पार्टेमची. प्रथिनांत असतात तसले दोन तुकडे जोडून केलेली. फार वेळ उकळलं की सांधा तुटतो आणि गोडी जाते. चहा कपात ओतल्यावर टाकायची. उकळायचंच असेल तर सुक्रालोज घ्या, म्हणाला. साखरेच्याच रेणूत क्लोरीन बसवलेलं, ते उकळीला टिकतं.

"हे त्या दिवशी सांगायला काय झालं होतं?" मी असा ओरडलो की शेजारचा भजीवाला झारा घेऊन बाहेर आला.

"डबीवर लिहिलंय की."

लिहिलंय! उकळल्याशिवाय ज्याला कुणी चहा म्हणत नाही अशा मुलखात ही गोळी विकायची, आणि उकळू नका हे सांगायचं इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात, मोतीबिंदूवाल्याला!

काकी आता कपात गोळी टाकते. पोतं कुलपात गेलं, औषधं वेळेवर झाली, साखर उतरली, ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर तात्यांनी आधी माझं तोंड निरखलं, मग डबी मागितली. लांब धरली, जवळ आणली, उलटीपालटी केली.

"मराठी कुठं हाय हितं?"

"न्हाय, तात्या."

"मग डोळा कशापायी केला?"