परदेशात जमा झालेलं लायसन्स

उत्तनजवळच्या डोंगरीचा तो टेम्पोवाला आमच्या पोलीस ठाण्यात पहिल्यांदा आला, तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. मी केबिनमध्ये रात्रीच्या नोंदी वाचत होतो आणि बाहेरून मोठा आवाज आला.

"मी इमानात कधी पाय ठेवला न्हाय, आनि तुमी सांगता माझं लायसन परदेशात जमा झालंय!"

ठाणे अंमलदार हसू दाबत होते. मी त्याला आत बोलावलं. पंचेचाळिशीचा, उन्हाने रापलेला कोळी माणूस. उत्तनच्या बंदरावरून मासळी घेऊन रोज भाईंदरच्या बाजारात पोचवायचा, हाच त्याचा धंदा. नाक्यावर वाहतूक पोलिसांनी त्याचं लायसन्स तपासलं, तर मशीनवर ते बाद दिसलं. आरटीओत गेला, तेव्हा कळलं की परदेशातल्या एका कार्यालयात त्याच्या नावाने कोणीतरी हे लायसन्स देऊन तिथलं घेतलं होतं. अशी अदलाबदल झाली की जुनं कार्ड काढून घेतात आणि आपल्याकडे परत पाठवतात. तसं ते आलं होतं आणि नियमाप्रमाणे इथला नंबर बंद झाला होता. खरं कार्ड मात्र टेम्पोवाल्याच्या खिशातच होतं.

"साहेब, गाडी दारात उभी हाय. बायको डोक्यावर टोपली घेऊन बसने जाते. माझं काय चुकलं ते तरी सांगा."

प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिला संशय मी त्याच्यावरच घेतला. स्वतःच्या लायसन्सचा नंबर विकणारे लोक मी पाहिले होते. त्याला बराच वेळ बसवून तेच प्रश्न उलटसुलट विचारले. त्याची उत्तरं बदलली नाहीत. उलट तो मलाच विचारत राहिला की तो दुसरा माणूस कोण, त्याला आपलंच नाव कसं सापडलं. चोरीत सामील असलेला माणूस चोराबद्दल इतकं कुतूहल दाखवत नाही. मी त्याची फिर्याद नोंदवून घेतली.

आरटीओकडून परत आलेलं कार्ड मागवलं. नाव, आडनाव, नंबर सगळं टेम्पोवाल्याचं. फोटो मात्र एका चष्मेवाल्या तरुणाचा. परदेशातल्या कार्यालयाने नाव आणि नंबर तपासला होता आणि दोन्ही जुळलं होतं. आता, ते आडनाव आमच्या भागात कोळ्यांत आहे, आगऱ्यांत आहे, मुंबईहून राहायला आलेल्या नोकरदारांतही आहे. त्यामुळे एका नावाची दोन माणसं सापडणं अवघड नव्हतं. ज्याच्याकडे बरीच लायसन्स येतात-जातात, त्याला तर मुळीच नाही.

त्याच आठवड्यात आमच्या एका रिक्षावाल्या खबऱ्याने खबर आणली. "साहब, सिल्व्हर पार्क के पास एक मोटर ट्रेनिंगवाला है. फॉरेनवालों का काम घर बैठे कर देता है." मी टेम्पोवाल्याला फोन करून विचारलं, की लायसन्स शेवटचं रिन्यू कुठे केलं होतंस? त्याने तेच दुकान सांगितलं.

दुकानदाराला चौकशीसाठी आणलं. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. खुर्चीवर बसला आणि चहा नको म्हणाला. निर्दोष माणूस पोलीस ठाण्यात आला की आधी विचारतो, "काय झालं?" याने ते विचारलंच नाही. एवढ्यावरून मला अंदाज आला, पण अंदाज न्यायालयात चालत नाही. मी कार्ड त्याच्यापुढे ठेवलं.

"साहेब, माझ्याकडे रोज कितीतरी पोरं येतात. कोणाकोणाचे चेहरे लक्षात ठेवू?"

दुपार अशीच गेली. माझ्यासोबत एक महिला उपनिरीक्षक होत्या, नोकरीत नव्या पण नजरेने पक्क्या. त्या कार्ड खिडकीपाशी नेऊन पाहत होत्या. म्हणाल्या, "सर, ही शर्टाची चुणी नाहीये. बोटं आहेत."

मी भिंग घेऊन पाहिलं. फोटोच्या कडेला, त्या मुलाच्या खांद्यावर, दोन बोटांची टोकं होती. एका बोटात बायकी घडणीची अंगठी. मागचा भाग पांढरा करताना ती तेवढी राहून गेली होती. कोणीतरी मायेने खांद्यावर हात ठेवला होता, आणि त्या फोटोतून फक्त मुलगा कापून घेतला होता.

मी परत दुकानदाराकडे आलो. "या कार्डासाठी हा मुलगा तुझ्याकडे आलाच नव्हता. आला असता तर तू त्याला भिंतीपुढे उभा करून फोटो काढला असतास. तो आधीच परदेशात होता. फोटो घरातल्या बाईमाणसाने दिला. मी सिल्व्हर पार्कमध्ये घरोघर हे कार्ड दाखवत फिरू, की तू सांगतोस?"

त्याने रुमालाने कपाळ पुसलं. "त्याची आई आली होती, साहेब."

संध्याकाळी आम्ही साध्या वेशात त्या बाईंच्या घरी गेलो. शेजाऱ्यांत उगाच गवगवा नको म्हणून गणवेश मुद्दामच टाळला. दार उघडणाऱ्या बाई साठीच्या जवळ आलेल्या. पूर्वी गिरगावात भाड्याने राहायच्या, मग इथे फ्लॅट घेऊन आल्या. पती गेलेले, मुंबईतल्या एका कचेरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी कार्ड पाहिलं आणि सोफ्यावर बसल्या.

"माझाच हात आहे तो," त्या म्हणाल्या. "त्याच्या लग्नातला फोटो."

मुलाचं नाव-आडनाव टेम्पोवाल्याचंच; तो परदेशात एका लहान गावात नोकरीला होता. तिथे बस क्वचित, हॉस्पिटल लांब, आणि सून गरोदर. आपल्या देशाचं जुनं लायसन्स असेल तर तिथलं लवकर मिळतं. नसेल तर शिकाऊ परवान्यापासून सुरुवात, आणि त्यात बरेच महिने जातात. मुलाने इथे असताना गाडी शिकायला सुरुवात केली होती, पण परीक्षा न देताच तो गेला. फोनवर आईला म्हणाला, त्या शिकवणाऱ्याकडे काही होतंय का बघ. आई गेली. दुकानदार म्हणाला, होऊन जाईल.

"तुम्हाला शंका आली नाही?" मी विचारलं.

"आली, साहेब. खोटं कशाला बोलू? पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खरं बोलला असता, आणि मग मला ते घेता आलं नसतं."

"त्यावरचा नंबर कोणाचा आहे, माहीत आहे?"

"नंबर कोणाचा कसा असेल? तो कॉम्प्युटरच देतो ना?"

मी त्यांना डोंगरीच्या माणसाबद्दल सांगितलं. त्याची दारात उभी असलेली गाडी, टोपली घेऊन बसमध्ये चढणारी बायको. बाईंनी कार्ड हातात घेऊन नंबरावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "त्यांच्या घरी कोण कोण असतं?"

माझ्या नोकरीत आरोपींनी मला जामिनाबद्दल विचारलं, वकिलाबद्दल विचारलं, बातमी पेपरात येईल का म्हणून विचारलं. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

कायद्यात आईसाठी वेगळं कलम नाही. अटकेची गरज नव्हती, म्हणून मी त्यांना हजर राहण्याची नोटीस दिली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा टेम्पोवाला बाहेर बाकड्यावर बसलेला होता. त्याला त्यांची ओळख करून दिली आणि तो उसळला. "ताई, शिकलेल्या दिसता! दुसऱ्याच्या पोटावर पाय देताना काय वाटलं न्हाय?" बाई हात जोडून उभ्या राहिल्या.

मग आम्ही मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नुकतं उजाडत होतं. अंगात जाड जाकीट, डोळे जागरणाने सुजलेले. मी त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. त्याने स्वतः तिथल्या कार्यालयात जाऊन कार्ड खोटं असल्याचं लिहून दिलं, तर टेम्पोवाल्याचा नंबर लवकर सुटेल. नाहीतर आमचा पत्रव्यवहार चालत राहील आणि ते कधी संपेल हे मलाही सांगता येणार नाही. लिहून दिलं तर त्याचं तिथलं लायसन्स जाणारच होतं, कदाचित नोकरीवरही बेतलं असतं. मी सल्ला दिला नाही. तो द्यायचं काम माझं नव्हतं.

मुलगा खाली पाहत राहिला. तेवढ्यात टेम्पोवाल्याने हात पुढे केला. "द्या साहेब, मला बोलू द्या."

मला वाटलं, आता शिव्या घालणार. त्याने फोन तोंडाजवळ धरला. "पोरा, नाव माझं, नंबर माझा. बाकी काय ठेवलंस? यवढी घाई कसली होती तुला?"

"बायकोला आठवा महिना लागलाय, काका. हॉस्पिटल लांब आहे. रात्री-बेरात्री काय करणार, म्हणून..."

टेम्पोवाल्याने कपाळ खाजवलं. "शेजारी कोन गाडीवाला हाय का?"

"आहे एक म्हातारा. शेती करतो."

"त्याला आजच सांगून ठेव. लाजू नको. त्याचा नंबर बायकोच्या फोनात घाल. लायसनचं मागनं बघ."

मग मुलगा म्हणाला, "काका, ऑफिस उघडलं की मी जातो."

तो गेला. सगळं लिहून दिलं. त्याचं लायसन्स रद्द झालं, दंड झाला, कंपनीतल्या साहेबांची बोलणी खावी लागली, पण नोकरी वाचली. तिथून पत्र आलं आणि टेम्पोवाल्याचा नंबर परत चालू झाला. दुकानदाराच्या दुकानावर आम्ही छापा घातला, तेव्हा आणखी काही खोटी कार्डं मिळाली. बाईंनी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कबुली दिली आणि पुढे खटल्यात त्या माफीच्या साक्षीदार झाल्या. दुकानदाराला शिक्षा झाली.

पण गाडी सुरू होईपर्यंतच्या दिवसांत एक गोष्ट घडली, ती आरोपपत्रात नाही. बाईंनी त्यांच्या सोसायटीतल्या मासे खाणाऱ्या घरांची ऑर्डर गोळा केली आणि टेम्पोवाल्याच्या बायकोला थेट सिल्व्हर पार्कला यायला सांगितलं. सोसायटीचे सेक्रेटरी गुजराती. ते म्हणाले, "बेन, मच्छी गेटपे नहीं चलेगी." बाई त्यांच्याशी भांडल्या नाहीत. मागच्या गेटबाहेर स्वतः छत्री धरून उभ्या राहायच्या. टेम्पोवाल्याच्या बायकोचं टोपली घेऊन बाजारात बसणं थांबलं.

आणि एक दिवस बाई पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या. नात झाली होती. शेजारच्या त्या म्हाताऱ्यानेच सुनेला वेळेत हॉस्पिटलला पोचवलं होतं.

मी म्हणालो, "ताई, अभिनंदन. पण तपास चालू आहे. तुमच्या हातचे पेढे मला घेता येणार नाहीत."

त्यांना वाईट वाटलं नाही. "बरोबर आहे तुमचं. मग डोंगरीला देऊन येते," म्हणाल्या आणि रिक्षा पकडायला निघाल्या.

मी निवृत्त झाल्यावर मुलगा सुट्टीत घरी आला. तोवर त्याने तिथे पहिल्यापासून शिकून, एकदा नापास होऊन, स्वतःचं लायसन्स मिळवलं होतं. तो आई, बायको आणि मुलीला घेऊन डोंगरीला जेवायला गेला आणि मलाही बोलावणं आलं. आता मला कोणाच्या घरचं खायला हरकत नव्हती. सुरमई, भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण. ती छोटी टेम्पोवाल्याच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. जेवण झाल्यावर मुलगा जरा संकोचत म्हणाला, "काका, टेम्पोची एक फेरी मारू का?"

टेम्पोवाल्याने माझ्याकडे एक डोळा बारीक करून पाहिलं. "साहेब बसलेत. हितलं लायसन दाखव आधी."

सगळ्यात जास्त बाईच हसल्या.

मी बरेच गुन्हे उकलले. त्यांत हा काही मोठा नव्हता. पण त्याने मला एक सवय लावली. बहुतेक माणसं वाईट करायचं म्हणून करत नाहीत. आपल्या माणसाची काळजी इतकी जवळ असते की पलीकडे कोणी उभा आहे हेच त्यांना दिसत नाही. त्या बाईंना नंबर दिसला, नंबरामागचा माणूस दिसला नाही. तो दिसल्यावर त्यांना काही शिकवावं लागलं नाही. पुढे नोकरीत जिथे धोका नव्हता आणि कायद्याची आडकाठी नव्हती, तिथे मी फिर्यादी आणि आरोपी यांना एकदा तरी समोरासमोर बसवत आलो. दर वेळी डोंगरीसारखं झालं नाही. काही वेळा तर मारामारी सोडवावी लागली. तरीही दोन खुर्च्या मी मांडत राहिलो.