गालिच्याचा डावा कोपरा

मलाहतखानूम कुणाच्याही घरी गेली की चहाला हात लावायच्या आधी गालिच्याचा कोपरा उलटून बघते. इराणातल्या तब्रीझच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती येणार म्हटलं की बायका घर आवरत नाहीत, गालिच्याच्या खराब कोपऱ्यावर सोफा सरकवतात. मलाहतखानूम सोफाही सरकवते. "हे कुणी जोडलंय? मेल्याचे हात होते की पाय?" असं यजमानिणीच्या तोंडावर विचारते, आणि मग स्वतःच पिशवीतून सुई काढून जमिनीवर बसते. तिचा राग करावा तर तोवर तिने निम्मी वीण दुरुस्त केलेली असते.

तिचे वडील उस्ता जब्बार म्हणजे गालिचे दुरुस्त करणाऱ्यांत नावाजलेला माणूस. डावखुरे होते. उंदराने खाल्लेला, विस्तवाने जळलेला गालिचा त्यांच्या दुकानात यायचा आणि बाहेर पडताना कुठे काय झालं होतं हे मालकालाही दाखवता यायचं नाही. "आपलं काम दिसलं म्हणजे ते बिघडलं," एवढंच ते लेकीला शिकवताना म्हणायचे. बाकी बोलणं कमी. लेकीने सगळी कसर भरून काढली.

आता एकसष्टाव्या वर्षी ही बाई एकटी इस्तंबूलला निघाली, तेव्हा गल्लीत चर्चा होणारच. यावर नावाचा तिचा मुलगा म्हणाला, "आई, मी येतो बरोबर. तुला तिकडची अक्षरंसुद्धा वाचता येत नाहीत."

"पाय आहेत, तोंड आहे. अक्षरं काय चाटायचीत?"

"पण जायचंय कशाला?"

"चित्रं बघायला. लोक नाही का जात?"

आईने आयुष्यात भिंतीवरचं कॅलेंडर सोडून चित्र पाहिलेलं नव्हतं.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती कुणाला सांगण्याजोगी नव्हती. नवरोजच्या सुट्टीत भाचीने फोनवर इस्तंबूलच्या एका संग्रहालयातला फोटो दाखवला होता. जुना शिकारीचा गालिचा, हरणं, सरूची झाडं, आणि मधोमध एक घोडेस्वार, ज्याच्या हातात लगाम नाही. विणणारा लगाम विसरला होता. तो बिनलगामाचा स्वार पाहताच मलाहतने ओळखलं. हा गालिचा अडतीस वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानात होता.

तेव्हा त्याचा खालचा डावा कोपरा तळहाताएवढा उंदराने खाल्लेला होता. उस्तांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी, आणि व्यापारी घाई करत होता. तेवीस वर्षांची मलाहत म्हणाली, मी करते. केलंही. पण शेवटच्या चार ओळींना लाल लोकर संपली. मंजिष्ठेच्या मुळ्यांनी रंगवलेली, उस्तांनी स्वतः मुरवलेली लोकर. पुन्हा रंगवायची म्हणजे पंधरा दिवस. ती बाजारात गेली आणि डब्यातल्या रासायनिक रंगाच्या पुडीने रंगवलेली लाल लोकर घेऊन आली. त्या दिवशी दोन्हींत काडीचा फरक दिसत नव्हता. फरक दिसतो वीस वर्षांनी, उजेड खाऊन खाऊन. मंजिष्ठेचा रंग तसाच गडद राहतो आणि पुडीचा रंग विटक्या गाजरासारखा होतो. वडिलांनी विचारलं, "लाल पुरला?" ती म्हणाली, "पुरला."

त्यानंतर आयुष्यभर तिने असे विटलेले कोपरे उसवले आणि ते करणाऱ्याला शिव्या घातल्या. प्रत्येक शिवी फिरून आपल्यालाच लागते हे तिला माहीत होतं. आता तो गालिचा संग्रहालयाच्या दिव्यांखाली मांडला होता, आणि फोटोत नेमका डावा कोपरा सावलीत गेला होता. कोपरा विटला असेल, तर उस्ता जब्बारांच्या दुकानातून असं काम गेलं हे जगासमोर उघडं पडलं होतं. उस्ता जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. त्यांच्या बाजूने बोलायला ती एकटीच उरली होती, आणि गुन्हेगारही तीच.

बसमध्ये दीड दिवस काढून ती पोहोचली. लालेली भागात खोली मिळाली. चार दिवस हातात होते, आणि आमची ही तोंडाळ, निडर मलाहतखानूम पहिले दोन दिवस त्या संग्रहालयाच्या वाटेलाच गेली नाही. भीती वाटली, दुसरं काही नाही.

पहिल्या दिवशी ती खरोखरच चित्रं बघायला गेली, म्हणजे यावरला सांगितलेलं निदान खोटं ठरू नये. एका मोठ्या चित्रात बायका गालिच्यावर बसून कॉफी पीत होत्या. ती वाकून गालिचाच बघत राहिली. चित्रकाराने काठाची नक्षी कोपऱ्यात वळवायच्या ऐवजी तिथे एका बाईचा घोळदार झगा पसरला होता. "जमलं नाही की झाकायचं," ती मोठ्याने म्हणाली. शेजारचं जोडपं दूर सरकलं. मग ती चढाच्या गल्ल्यांतून भटकली, पायरीवर बसून तीळ लावलेलं पावाचं कडं खाल्लं, निम्मं मांजरांना दिलं. एका गालिच्याच्या दुकानाबाहेर सवयीने कोपरा उलटला तर दुकानदार धावत आला.

"मावशी, घ्यायचाय का?"

"तू घेतलास तेव्हा उलटून बघितला नव्हतास वाटतं."

त्याने वाकून पाहिलं, डोकं खाजवलं, आणि आत बसवून दोन पेले चहा पाजला. एकटं फिरण्यात मजा आहे हे तिला तिथे कळलं. कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं, कुणासाठी स्वयंपाक करायचा नव्हता. पण मजा वाटली की लगेच कोपरा आठवायचा.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या मूर्तींच्या संग्रहालयात गेली. एवढे नाकतुटके राजे आणि कुणाला त्याची लाज नाही, हे बघून ती आधीच वैतागली. त्यात एक सुंदर निळा रांजण होता आणि त्याच्या पोटावर पांढऱ्याफटक मातीचं ठिगळ. तिने तिथल्या पहारेकरणीला हटकलं. तब्रीझची बोली आणि इथली तुर्की यांत अंतर आहे, पण भांडण्यापुरतं जमतं.

"असं ओबडधोबड कुणी जोडलं हे?"

"मुद्दाम तसं करतात, मावशी. जुनं कुठलं आणि नंतरचं कुठलं ते लोकांना कळायला हवं. खाली पाटीवर लिहितातसुद्धा."

मलाहतखानूमच्या धंद्यात जे लपवायचं ते इथे पाटी लावून दाखवत होते. म्हणजे तो कोपरा विटला असेल तर त्याखालीही पाटी असणार. त्या दिवशी तिने आणखी काही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडायच्या आधी, ती त्या संग्रहालयासमोर उभी होती. आत गेल्यावर सरळ चालत राहिली. गालिचा एका लांब दालनाच्या टोकाला होता, खिडकीच्या बाजूला, उतरत्या चौथऱ्यावर पसरलेला. लगाम नसलेला स्वार होता. हरणं होती. तिने डोळे मिटून घेतले, मग खाली डावीकडे पाहिलं.

कोपरा लाल होता. गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल.

तिचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. अडतीस वर्षं. पुडीचा रंग एवढा टिकत नाही. हे तिच्याइतकं कोण जाणतं? ती गुडघ्यांवर बसली आणि जमिनीला गाल लागेल इतकी वाकली. पहारेकरी जवळ आला. हिकमेत नावाचा पोक्त माणूस होता.

"मावशी, बरं वाटत नाहीये का?"

"कोपरा उलटून दाखवता येईल?"

"हात लावला तरी नोकरी जाईल माझी. अकरा वर्षं इथं उभा आहे, पण उलटून दाखवा म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"राहू दे. इथूनच बघते."

खिडकीचा उजेड आडवा येत होता, त्यात लोकरीचा कल दिसत होता. सबंध गालिच्याची लोकर उजवीकडे झुकलेली. कोपऱ्यातली, तळहाताएवढी, डावीकडे. गाठ ओढणारा हात जिकडचा, तिकडे लोकर कलते, आणि मलाहत उजव्या हाताची. ही वीण तिची नव्हती. डावखुऱ्या हाताची होती.

आणि लाल रंगात जिऱ्यासारखे बारीक काळपट ठिपके होते. ते तिने ओळखले. आई सूत कातायची तेव्हा पांढऱ्या लोकरीत तपकिरी मेंढीचे केस यायचे, ते ती वेचायची नाही, आळशी होती त्या बाबतीत. आईने लग्नात आणलेली मंजिष्ठेची लाल किलीम, म्हणजे सतरंजी, अशीच जिरेदार होती. मागच्या खोलीत अंथरलेली असायची. आई गेल्यावर मलाहत तिच्यावरच झोपायची.

तो कोपरा विणून झाल्यावर उस्तांनी त्यावरून बोटं फिरवली होती आणि म्हणाले होते, "दमलीस. मरागेला मावशीकडे जाऊन ये." बारा दिवसांनी ती परतली तेव्हा गालिचा गेलेला होता आणि किलीमही. "विकली," उस्ता म्हणाले. ती सबंध हिवाळा त्यांच्याशी धड बोलली नाही. स्वतःच्या लग्नात, चार पाहुण्यांदेखत वडिलांना म्हणाली होती, "आगाजान, आईची शेवटची वस्तू तेवढी तुम्हाला जड झाली." ते खाली बघत राहिले होते. त्यानंतर दुकानात रंगाचा माल ते स्वतः आणायचे, तिला कधी पाठवलं नाही. तिला तो कंजूषपणा वाटायचा.

एका डोळ्याला पट्टी, आणि बारा दिवस. लेकीची वीण उसवायची, बायकोची किलीम उसवायची, आणि एकाच्या धाग्याने दुसरं भरायचं. लेकीला कळू द्यायचं नाही. मलाहत तिथेच फरशीवर बसून रडली, लाज न बाळगता, नाक ओढत. हिकमेतने खुर्ची आणून दिली आणि पाठ करून उभा राहिला.

थोड्या वेळाने तिने पाटीकडे बोट केलं. "हे काय लिहिलंय?"

त्याने वाचून दाखवलं. "तीनशे वर्षांपूर्वीचा. संपूर्ण मूळ विणीचा, कुठेही नंतरची दुरुस्ती नाही." मग तिच्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला यातलं कळतं असं दिसतंय. बरोबर आहे ना?"

मलाहतखानूमने डोळे पुसले. उभ्या आयुष्यात कुणाच्या कामातली चूक सांगायची संधी तिने सोडली नव्हती.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर बसून तिने यावरला फोन लावला.

"झाली का चित्रं बघून?" तो म्हणाला.

"तुझ्या आजीची किलीम सापडली."

"तिकडे? आजोबांनी विकली होती ती?"

"विकली नव्हती रे," मलाहत म्हणाली. "मीच उगाच बोलत होते."