फिरती पाटी

जपानमधलं आमचं हे खेडं शहरात विलीन झालं, तेव्हा बसथांब्यावरही गावाच्या नावावर शहराचं नाव चिकटवलं गेलं. आज शेजारच्या ओनो आजी छत्रीच्या टोकानं तो कागद खरवडत होत्या. "एका दाखल्यासाठी आता शहरात जायचं, दोन-दोन बस बदलून!" त्या करवादल्या. मीही वैतागलेलोच होतो. शहराला शिव्या घालणं सोपं असतं. त्यात आपलं नाव येत नाही.

इथे सूचनांची पाटी घरोघर फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. विलीनीकरणावर हरकती मागवणारी पाटी माझ्या दारातल्या चपलांच्या कपाटावर मुदत टळेपर्यंत पडून राहिली. माझ्या पुढचं घर आजींचं. इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," खरवडता खरवडता त्या म्हणाल्या. "तुमच्या दाराच्या काचेतून रोज दिसायची की! पण मागायची कशी? बरं दिसलं नसतं."

मला रागच आला. कुणाचा, ते ठरवेपर्यंत बस आली. मग आम्ही दोघं "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही" करत दारातच वाकत राहिलो आणि ड्रायव्हर कपाळाला आठ्या घालून बघत राहिला.