विहीणबाईंचा नाश्ता

मार्गशीर्षातल्या एकादशीला मुलुंडच्या आमच्या घरी मी, बायको, मुलगी आणि जमैकाहून आलेल्या तिच्या सासूबाई होतो. ताटात दोनशे चाळीस रुपयांचे कंद होते. पाहुणीपुढे उपासाचं उकडलेलं कोनफळ, रताळं आणि अळकुड्या ठेवताना बायको संकोचली होती. विहीणबाईंनी मात्र एकेक तुकडा उचलून ओळखला. कोनफळ म्हणजे त्यांचा याम, अळकुडी म्हणजे डशीन. त्यांच्या गावी सकाळी हेच खातात. आपल्यासाठी मुद्दाम केलं असं समजून त्यांनी बायकोला मिठी मारली.

तेव्हापासून आमच्याकडे रोज एकादशी आहे. पाहुणीला एकटीला वेगळं कसं वाढायचं, म्हणून आम्हीही तेच खातो. एकदा मी पोह्यांचं नाव काढलं, तर मुलीने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"बाबा, प्लीज. लग्नाला विरोध होता त्यांचा. आत्ता कुठे माझ्याशी धड बोलतायत."

"अगं, पण खरं सांगितलं तर?"

"मग सांगा ना, तुमच्यासाठी नव्हतं म्हणून," बायको म्हणाली. "बघू हिंमत."

विहीणबाईंनी काल मुक्काम महिनाभर वाढवला. आज मंडईतल्या भाजीवालीने विचारलं, "काका, नवस बोललात काय?" मी हो म्हणालो आणि तिला महिन्याच्या कोनफळाचे चोवीसशे रुपये आगाऊ दिले.