आधी आलेला भात

आमच्या भागात जेवणात भात शेवटी येतो. ताटात भात पडला की भाकरी संपली, हे कुणी कुणाला शिकवत नाही. लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळी दिवसांत मी याच रीतीचा फायदा घेऊन माझी नोकरी वाचवली. कशी, ते बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

मी एका खानावळीत वाढपी होतो, चौदा वर्षं. बाहेर पाटी होती, 'पोटभर जेवण'. दुसरे वाढपी आप्पा, माझ्याहून बरेच मोठे. उदगीरहून मी नवखा आलो तेव्हा वाढायचं कसं ते त्यांनीच शिकवलं. ताटाकडं नाही, जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं, असं ते सांगायचे.

जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, साहेब आले. आम्हाला वाटलं, आता आपली चांदी. झालं उलटंच. मालकाच्या डोक्यात खानावळीचं हॉटेल करायचं खूळ शिरलं. मोजकी थाळी, गणवेशातली नवी माणसं. ज्वारी कडाडली होती, त्यामुळं त्याला घाईही झाली होती. एके दिवशी म्हणाला, "जुन्यातला एकच ठेवीन. कोण, ते काम बघून ठरवतो."

काम म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही. पण कुणाच्या हातची भाकरीची टोपली आधी रिकामी होऊन ज्वारी जास्त जाते, याकडं त्याचा डोळा असायचा. मला तेवढं पुरलं. चाळिशी गाठलेली, वाढण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. मी घाबरलो आणि भात लवकर न्यायला लागलो.

साहेब लोकांना त्याचा काही फरक पडत नसे. ते भात बाजूला सारून बिनधास्त भाकरी मागत. पण कचेरीत खेटे घालायला आलेली खेड्यातली माणसं भिडस्त. मी हसतमुखानं भात वाढला की ती बिचारी तोच कालवून खात आणि उठत. वर मलाच म्हणत, "लई मायेनं वाढलं तुमी." हे ऐकूनही मी दुसऱ्या दिवशी तेच करायचो. इतका निर्लज्ज झालो होतो.

एका दुपारी किल्लारीकडचा एक माणूस आला. भूक त्याच्या तोंडावर लिहिलेली होती, ती ओळखायला चौदा वर्षं वाढायची गरज नव्हती. तरी त्याची दुसरी भाकरी संपायच्या आत मी भात टाकला. तो क्षणभर थबकला, मग मुकाट्यानं जेवला आणि उठला.

आप्पांनी ते पाहिलं. हात धुवायच्या आधीच त्यांनी त्याला अडवलं. "का उठूलालाव पाव्हणं? बसा. भात चुकून आधी आला. भाकर ऱ्हायली की तुमची." त्यांनी गरम भाकरी ताटात ठेवली. माणूस बसला, त्यानं तुकडा मोडला. तेवढ्यात मालक गल्ल्यावरून उठून आला.

"चुकून आला का रं भात?" त्यानं मला विचारलं.

हो म्हणायचं होतं. एवढंच.

"न्हाई मालक," मी म्हणालो. "पोट भरलं म्हणून ह्येंनीच सांगितलं. आप्पा उगंच वाढूलालेत."

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मालकानं त्या माणसाला विचारलं. त्यानं खरं सांगितलं असतं तर मी तिथंच संपलो असतो. तुकडा त्याच्या हातात होता. त्यानं मालकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. कुणाच्या तरी पोटावर पाय येतोय, एवढं त्याला कळलं असावं.

"हाव मालक," तो माझ्याकडं बोट करून म्हणाला. "भरलं होतं माझं. ह्येंच्यावर रागावू नका." आणि तुकडा त्यानं परत ताटात ठेवला.

मालकानं आप्पांना तिथंच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढून टेबलावर ठेवला. ती भाकरी कागदात गुंडाळली आणि त्या माणसापुढं धरली.

घेऊ का नको, म्हणून त्यानं माझ्याकडं पाहिलं. मालक अजून उभाच होता. मी मान खाली घातली. त्यानं ती घेतली नाही.