यादीत राहिलेलं टर्मिनल

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज नव्या साडीच्या घडीतून रंगाचा वास आला आणि राहवलं नाही. नव्वदच्या दशकात पांडेसऱ्याच्या कारखान्यांच्या भागात, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचो. एका मोठ्या कॉम्प्युटरला, आमच्या भाषेत मशीनला, सहा टर्मिनल, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड, जोडलेली होती. ती चालू आहेत का, हे सतत तपासणारा प्रोग्राम मीच बसवला होता. एके दिवशी मशीन इतकं मंदावलं की रंगाचं प्रमाण सांगणारं कार्ड वेळेवर छापलंच नाही आणि उकळत्या पाण्यात थांबलेला कापडाचा लॉट डागाळला. शेठ ओरडत आले. मी घाबरून टर्मिनलवर बसणाऱ्या ऑपरेटरकडे बोट दाखवलं, “हा गेम खेळत बसतो.” तो धुळ्याकडचा, दोन लेकरांचा बाप. “आईशपथ साहेब, मी फक्त लॉट नंबर टाकला!” शेठ एवढंच म्हणाले, “कल से मत आना.” तो गेल्यावरही मशीन रखडतच राहिलं, तेव्हा मी तपासलं. दुरुस्तीला पाठवलेलं एक टर्मिनल मी यादीतून काढायला विसरलो होतो, आणि त्याच्याकडून उत्तर येईना म्हणून माझा प्रोग्राम मशीनची सगळी ताकद खाऊन पुन्हापुन्हा त्यालाच हाका मारत होता. मी गुपचूप यादी सुधारली, शेठला काही बोललो नाही. पुढे धीर करून डिंडोलीला त्याच्या खोलीवर गेलो, तर कुलूप. “गावाला गेले, आता नाही यायचे,” शेजारीण म्हणाली. दारापर्यंत नेलेले शब्द अजून माझ्यापाशीच आहेत: भाऊ, चूक माझी होती.